स्पॅनिशच्या वरच्या पातळीची दोन वर्षे

पहिल्याच पालकसभेत एका विद्यार्थिनीच्या आजोबांनी मला विचारले, “बाई, स्पॅनिशमध्ये पैकीच्या पैकी पडतात ना?” प्रश्न रास्त होता. पुण्यात दहावीला संस्कृत, जर्मन किंवा फ्रेंच घेण्यामागे त्या भाषेची ओढ जितकी असते, तितकाच गुणपत्रिकेचा हिशेबही असतो, आणि भाषा हा टक्केवारी वर खेचणारा विषय आहे हे गृहीत धरूनच घरोघरी निर्णय होतात. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले, कारण खरे उत्तर मलाच ठाऊक नव्हते. तोवर चौदा वर्षे मी स्पॅनिश शिकवत आले होते, परंतु आय. बी. डिप्लोमा, म्हणजे अकरावी-बारावीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, त्यातल्या ‘स्पॅनिश बी’ या विषयाची वरची पातळी, म्हणजे तिथल्या भाषेत ‘हायर लेव्हल’, शिकवण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

माझे स्वतःचे स्पॅनिश फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, सुरू झाले. नोकरी संपवून धावतपळत गाठलेले ते तास आणि क्रियापदांच्या रूपांनी भरलेल्या वह्या यांच्याविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. त्या काळी माझ्या डोक्यात भाषेची परीक्षा म्हणजे रिकाम्या जागा भरा, काळ बदला, वाक्य अनेकवचनी करा, उताऱ्याचे भाषांतर करा, असे एक पक्के चित्र बसले. पुढे कोथरूडमध्ये खाजगी वर्ग घेऊ लागले, तेव्हा तेच चित्र मी माझ्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात बसवत गेले. मधल्या काळात सेर्व्हान्तेस संस्थेमार्फत होणारी डेले ही स्पॅनिशच्या प्रावीण्याची परीक्षा बी२, म्हणजे वरच्या मध्यम, पातळीला दिली. तिथे वाचन आणि लेखन यांचा एक गट, श्रवण आणि संभाषण यांचा दुसरा गट, प्रत्येक गटाला पन्नास गुण आणि दोन्ही गटांत स्वतंत्रपणे किमान तीस गुण मिळाल्याशिवाय उत्तीर्ण नाही, असा नियम आहे. लेखनात भरपूर गुण मिळवून बोलण्यातली उणीव झाकता येत नाही, हे तेव्हा प्रथम अंगावर आले. पण एकदा उत्तीर्ण झाल्यावर त्याचा अर्थ लावत बसण्याची गरज मला वाटली नाही.

बाणेरच्या बाजूच्या एका शाळेत मी रुजू झाले तेव्हा अकरावीच्या माझ्या वर्गात सहा मुले होती. डिप्लोमाची रचना थोडक्यात सांगायची तर विद्यार्थी सहा विषय घेतो, त्यांतले किमान तीन वरच्या पातळीवर. प्रत्येक विषयाला एक ते सात अशी श्रेणी असते आणि ज्ञानमीमांसा व दीर्घ निबंध यांचे मिळून तीन गुण धरले की एकूण पंचेचाळीस होतात. परकीय भाषेसाठी तीन वाटा आहेत. ज्यांनी ती भाषा कधी शिकलेलीच नाही त्यांच्यासाठी ‘आब इनिशिओ’, आणि ज्यांचा पाया झालेला आहे त्यांच्यासाठी ‘लँग्वेज बी’, जी साधारण किंवा वरच्या पातळीवर घेता येते. साधारण पातळीला दीडशे तास आणि वरच्या पातळीला दोनशे चाळीस तास अध्यापन अपेक्षित असते. दोन्ही पातळ्यांमधला फरक केवळ नव्वद तासांचा नाही: वरच्या पातळीच्या विद्यार्थ्याला मूळ स्पॅनिशमध्ये लिहिलेल्या दोन साहित्यकृती अभ्यासाव्या लागतात, आणि त्यांतल्याच एकीच्या उताऱ्यावर त्याची तोंडी परीक्षा होते.

अभ्यासक्रमाची मार्गदर्शिका मी जूनमधल्या एका पावसाळी शनिवारी उघडली आणि सवयीप्रमाणे व्याकरणाच्या घटकांची यादी शोधू लागले. ती सापडेना. कोणता काळ केव्हा शिकवायचा, संकेतार्थ किती खोलवर न्यायचा, याबद्दल तिथे ठरीव असे काहीच नव्हते. होते ते पाच विषयसूत्र: ओळख, अनुभव, मानवी कल्पकता, सामाजिक संघटन आणि सर्वांची मिळून असलेली पृथ्वी. या पाचांच्या पोटात आरोग्य, स्थलांतर, सणवार, प्रसारमाध्यमे, शिक्षण, कायदा, पर्यावरण असे विषय येत होते, आणि त्यांच्या जोडीला मजकुराच्या प्रकारांची लांबलचक यादी होती: खाजगी पत्र, औपचारिक पत्र, दैनंदिनी, भाषण, मुलाखत, अहवाल, लेख, परीक्षण, पत्रक. व्याकरण यांच्या आधाराने यावे अशी अपेक्षा होती. चौदा वर्षे मी नेमका उलटा प्रवास केला होता, त्यामुळे पहिले दोन महिने मी चोरून जुन्याच पद्धतीने शिकवले, हे कबूल केले पाहिजे.

त्या दोन महिन्यांत एक गोष्ट मात्र हाती लागली, आणि तिचा मला पुढे फार उपयोग झाला. माझी मुले इंग्रजी माध्यमाची होती आणि स्पॅनिश व्याकरण ती इंग्रजीच्या चौकटीत बसवू पाहत होती. ‘मे गुस्ता एल ते’ या वाक्यात कर्ता कोण, यावर त्यांचा नेहमी गोंधळ होई, कारण इंग्रजीत आवडून घेणारा माणूस हा कर्ता असतो. मी फळ्यावर मराठी वाक्य लिहिले: ‘मला चहा आवडतो.’ मग त्याखाली ‘मला आंबे आवडतात’ आणि शेजारी ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलते, माझ्याप्रमाणे नाही, हे त्यांना घरी बोलताना जन्मापासून ठाऊक होते. तीच गोष्ट कर्माची. स्पॅनिशमध्ये ‘मी घर पाहते’ म्हणताना घराला काही लागत नाही, पण ‘मी बाईंना पाहते’ म्हणताना बाईंच्या आधी ‘आ’ हे अव्यय यावे लागते: ‘बेओ ला कासा’, पण ‘बेओ आ ला माएस्त्रा’. पाठ्यपुस्तके यासाठी पानभर नियम आणि अपवाद देतात. मराठीत माणसाला ‘ला’ किंवा ‘ना’ लावतो आणि घराला लावत नाही, एवढे म्हटले की काम भागते. सर्वांत धसका घेतलेला संकेतार्थ, ज्याला स्पॅनिशमध्ये ‘सुब्खुंतिबो’ म्हणतात, तोही आपल्या विध्यर्थाशी बराच जुळतो. ‘तू येतोस’ आणि ‘तू यावंस असं मला वाटतं’ यांत जो फरक आहे, जवळपास तोच फरक ‘बिएनेस’ आणि ‘कियेरो के बेंगास’ यांत आहे. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन ‘असणे’ क्रियापदांना ‘आहे’ आणि ‘असतो’ यांची जोडी लावण्याचा मोह मला झाला होता, पण ती जोडी टिकत नाही, हे तिसऱ्याच उदाहरणाला वर्गाने माझ्या लक्षात आणून दिले.

ऑक्टोबरमध्ये मी विषयसूत्रांकडे वळले. दसऱ्याच्या सुमारास सणवारांचा घटक घेतला. मेक्सिकोतील मृतांच्या दिवसाला, म्हणजे १ आणि २ नोव्हेंबरला, घरोघरी गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ मांडून जी पूजा रचतात, तिच्यात झेंडूच्या फुलांचे ढीग असतात; झेंडू मुळातच मेक्सिकोकडचा आणि तिथे त्याचे नाव ‘सेम्पासूचिल’. नुकताच सरलेला पितृपंधरवडा आणि दारावरचे झेंडूचे तोरण यांमुळे वर्गाला बोलायला भरपूर होते. एका मुलाने तर, आपल्याकडे पितरांच्या पानाला कावळा शिवावा लागतो तसे तिथे कोण खाते, असा प्रश्न अस्खलित स्पॅनिशमध्ये विचारला. त्या वाक्यात दोन चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत, आणि माझ्या दृष्टीने अभ्यासक्रम खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाला.

आता परीक्षेविषयी. वरच्या पातळीचे मूल्यमापन चार सारख्या वजनाच्या भागांत होते: लेखन, श्रवण, वाचन आणि तोंडी परीक्षा, प्रत्येकी पंचवीस टक्के. पहिली प्रश्नपत्रिका लेखनाची असते. दीड तासात तीनपैकी एक विषय निवडून ४५० ते ६०० शब्द लिहायचे. गुण तीस: बारा भाषेला, बारा आशयाला आणि सहा ‘संकल्पनात्मक आकलना’ला. हे शेवटचे भारदस्त नाव वाचून मी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही, आणि त्याची किंमत वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीने मोजली.

अकरावीच्या शेवटी मी सराव परीक्षा घेतली. एक विषय मीच रचला होता: शाळेजवळच्या रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी झाडे तोडली जाणार आहेत, ती का तोडू नयेत हे निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांना पटवून द्या. मूळ परीक्षेप्रमाणे मी मजकुराचे तीन प्रकार दिले होते, औपचारिक पत्र, ब्लॉग आणि दैनंदिनी, आणि त्यांतला एक विद्यार्थ्याने निवडायचा होता. या मुलीने दैनंदिनी निवडली. भाषा इतकी सुंदर होती की मी पेन खाली ठेवून दोनदा वाचले: संकेतार्थ जागच्या जागी, भूतकाळाची दोन्ही रूपे अचूक, वडाच्या पारंब्यांचे वर्णन तर मला स्वतःला जमले नसते. पण अधिकारी तिची दैनंदिनी वाचणार कशी? जुन्या हिशेबाने मी तिला तीसपैकी अठ्ठावीस दिले असते. मार्गदर्शिकेतले निकष समोर ठेवून पुन्हा तपासल्यावर ‘संकल्पनात्मक आकलना’चे गुण तर कोसळलेच, शिवाय पटवून देणे हा आशयाचा गाभाच नसल्याने तिथेही घसरण झाली. दुसऱ्या एका मुलाने पत्र निवडले होते, पण अधिकाऱ्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘तू’ म्हटले होते. स्पॅनिशमधले ‘तू’ आपल्या ‘तू’सारखेच उच्चारले जाते आणि बहुतेक वेळा त्याच अर्थाने येते, आदरार्थी संबोधनासाठी ‘उस्तेद’ आहे.

त्या दोन उत्तरपत्रिका घेऊन मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि स्पॅनिश बाजूला ठेवून मुलांना मराठीत विचारले, की महापालिकेच्या आयुक्तांना पत्र लिहायचे असेल तर सुरुवात कशी कराल? दोघांना ‘माननीय’ सुचले, एकालाही ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ ठाऊक नव्हते, पण ‘तू’ लिहिणार का, यावर सगळे हसले. ‘एस्तिमादो सेन्योर’ आणि त्यापुढे स्वल्पविराम नव्हे तर अपूर्णविराम, ही औपचारिक पत्राची सुरुवात त्यांना मग शिकवावी लागली नाही, सांगावी लागली. प्रश्न वाचल्याबरोबर समासात तीन गोष्टी लिहायच्या, कोण लिहितो आहे, कोणाला आणि कशासाठी, हा नियम मी त्या दिवशी घालून दिला आणि तो दोन वर्षे मोडू दिला नाही. आजही मला वाटते की त्या सहा गुणांमागे उरलेले चोवीस गुण उभे असतात, कारण कोणाशी बोलायचे हे चुकले की भाषेची पट्टी आणि मुद्द्यांची निवड दोन्ही चुकतात.

श्रवणाने मला वेगळ्या प्रकारे खाली बसवले. २०२० पासून लागू झालेल्या आराखड्यात श्रवण ही बाहेरून तपासली जाणारी परीक्षा म्हणून आली. त्याआधीच्या रचनेत अशी स्वतंत्र श्रवण परीक्षा नव्हती, त्यामुळे जुन्या प्रश्नपत्रिकांचा साठा या बाबतीत निरुपयोगी होता. तीन ध्वनिफिती, प्रत्येक दोनदा ऐकवली जाते, एक तास, पंचवीस गुण. पहिल्या सरावात माझ्या वर्गाची सरासरी निम्म्याच्याही खाली गेली. त्यांना स्पॅनिश कळत नव्हते असे नाही. त्यांना माझे, म्हणजे कर्वे रस्त्यावरचे स्पॅनिश कळत होते. त, द स्वच्छ दंत्य, स्वर मोकळे, बोलण्याची गती विद्यार्थ्याच्या तोंडाकडे बघून कमीजास्त होणारी. ब्युनोस आयर्सचा माणूस ‘यो’ला ‘शो’ म्हणतो, माद्रिदची बाई ‘ग्रासियास’ऐवजी ‘ग्राथिआस’ म्हणते, कॅरिबियन किनाऱ्यावरचे लोक शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळून टाकतात, हे मी त्यांना सांगितले होते, पण ऐकवले फार थोडे होते. यावर उपाय एकच होता आणि तो कंटाळवाणा होता. दररोज तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटे मी गप्प बसायचे आणि दुसऱ्या कोणाला तरी बोलू द्यायचे. लॅटिन अमेरिकेतल्या माणसांच्या गोष्टी सांगणारे ‘रादिओ आम्बुलान्ते’ हे पॉडकास्ट आम्ही सर्वांत जास्त ऐकले. सुरुवातीला लिखित संहिता हातात घेऊन, मग संहितेशिवाय. चार महिन्यांनी गुण वर आले. वाचनाबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही: तीन उतारे, एक तास, चाळीस गुण, आणि इतक्या वर्षांच्या पुस्तकी तयारीचा फायदा तिथेच सर्वाधिक झाला.

साहित्यकृती निवडताना मी स्पॅनिश कवी-नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्काचे ‘ला कासा दे बेर्नार्दा आल्बा’ हे नाटक घेतले. लोर्काने ते १९३६च्या जूनमध्ये पुरे केले, ऑगस्टमध्ये त्याची हत्या झाली, आणि नाटकाचा पहिला प्रयोग १९४५ साली ब्युनोस आयर्समध्ये झाला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बेर्नार्दा आपल्या पाच मुलींवर आठ वर्षांचा शोक लादते, दारे-खिडक्या जणू चिणून टाकते, आणि ज्याच्यामुळे घरात वणवा पेटतो तो पुरुष रंगमंचावर एकदाही येत नाही. आमच्या मुलांना स्पेनमधल्या आंदालुसियाचे खेडे दाखवण्यासाठी मला फार दूर जावे लागले नाही. पेठेतल्या वाड्यात राहिलेल्या पणजीची हकीकत बहुतेकांच्या घरात होती. दुसरी कृती कोलंबियन लेखक गार्सिया मार्केसची एक छोटी कादंबरी होती, जिच्यात खून होणार हे पहिल्याच वाक्यात कळते. मुलांना ती अधिक आवडली, परंतु तोंडी परीक्षेत नाटकाचे उतारे अधिक बोलते ठरतात, असा माझा अनुभव आहे.

ही तोंडी परीक्षा शिक्षकच घेतो, तोच तीसपैकी गुण देतो, आणि आय. बी.ची प्रणाली ज्या विद्यार्थ्यांची निवड करील त्यांची ध्वनिमुद्रणे परीक्षकाकडे पडताळणीसाठी जातात. विद्यार्थ्याला आधी न दाखवलेला, तीनशे शब्दांपर्यंतचा उतारा दिला जातो. वीस मिनिटे तयारी. दहापर्यंत मुद्दे टिपून ठेवता येतात, पण सलग लिहून आणता येत नाही. मग तीन ते चार मिनिटे त्याने उताऱ्यावर बोलायचे, चार ते पाच मिनिटे शिक्षकाशी त्यावर चर्चा, आणि शेवटची पाच ते सहा मिनिटे पाच विषयसूत्रांपैकी एखाद्याकडे वळून मोकळे संभाषण. साधारण पातळीला याच ठिकाणी उताऱ्याऐवजी चित्र असते आणि तयारीला पंधरा मिनिटे मिळतात.

पहिल्या सरावाचे ध्वनिमुद्रण मी घरी रात्री ऐकले आणि मला माझीच लाज वाटली. तेरा मिनिटांपैकी जवळजवळ पाच मिनिटे मीच बोलत होते. मुलगा जरा थांबला की मी त्याच्या तोंडात शब्द घालत होते, आणि बेर्नार्दाचा नवरा मेलेला आहे हे सांगताना त्याने ‘एस मुएर्तो’ म्हटल्याबरोबर मी त्याला तोडून ‘एस्ता मुएर्तो’ असे सुधारले होते. मृत्यू इतका कायमचा, तरी स्पॅनिश त्याला तात्पुरत्या अवस्थेचे क्रियापद का लावते, हे मला प्रिय असलेले विवेचनही मी तिथेच सुरू केले होते. बिचारा ‘सी, सी’ म्हणत राहिला. परीक्षेत संवाद साधण्याच्या कौशल्याला सहा गुण आहेत, आणि ते मिळवण्याची संधी मी माझ्याच आवाजाखाली दडपून टाकली होती. त्यानंतरच्या सरावांत मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत ‘गप्प बस’ असे मराठीत लिहून समोर ठेवत असे. प्रश्न विचारून झाला की मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला बहुधा मूल स्वतःहून बोलू लागते.

याच सुमारास न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याने तिकडची ए. पी. ही शाळकरी मुलांसाठीची स्पॅनिश भाषेची परीक्षा दिली. त्याच्या परीक्षेत संभाषण ध्वनिमुद्रित आवाजाशी होते: समोरून प्रश्न येणार, वीस सेकंदांत उत्तर द्यायचे, असे पाच वेळा, आणि शेवटी दोन मिनिटांत आपल्या समाजाची स्पॅनिशभाषक समाजाशी तुलना करायची. “मावशी, मी ‘तुम्ही कसे आहात’ विचारलं तरी तो पुढचाच प्रश्न विचारतो,” असे तो फोनवर म्हणाला. हजारो विद्यार्थ्यांना एकाच मापाने मोजायचे तर यंत्र अधिक न्याय्य, हे मला मान्य आहे. तरीही निवड करायची झाल्यास मी समोर बसलेला माणूस निवडीन, तो मध्ये बोलणारा असला तरीही.

आमची अंतिम तोंडी परीक्षा फेब्रुवारीत, ग्रंथालयाला लागून असलेल्या छोट्या खोलीत ठेवली होती. एकदा सुरू केलेले ध्वनिमुद्रण मध्येच थांबवता येत नाही, म्हणून मी घंटा बंद करवली, पंखा बंद केला, शिपाईमामांना दाराशी बसवले. लग्नसराईचा विचार मात्र केला नव्हता. तिसऱ्या विद्यार्थिनीचे बोलणे सुरू झाले आणि पलीकडच्या मंगल कार्यालयातून वरातीचा बँड निघाला. ही तीच झाडांवर दैनंदिनी लिहिणारी मुलगी. तिच्या वाट्याला पहिल्या अंकातला उतारा आला होता, ज्यात धाकटी मुलगी आदेला आईला लाल-हिरव्या फुलांचा पंखा देते आणि आई तो जमिनीवर फेकून काळा पंखा मागते. ती क्षणभर थांबली, बँडच्या दिशेने पाहून हसली, आणि म्हणाली, की या घराबाहेर आता जे वाजते आहे ते बेर्नार्दाच्या घरातही ऐकू येत असणार, फक्त तिथे खिडकीशी जायला परवानगी नाही. चर्चेत मी हिरव्या रंगाविषयी विचारले. लोर्काच्या नाटकात हिरवा रंग आदेलाच्या बंडाचा आहे, असे ती म्हणाली, आणि मग आपल्याकडे हिरवा चुडा सौभाग्याचा, म्हणून नवरा गेल्यावर तिच्या पणजीच्या हातातून तो काढून घेतला गेला; एके ठिकाणी तो रंग मुलगी हट्टाने अंगावर घालते आणि दुसरीकडे तो बाईच्या हातून उतरवला जातो, पण दोन्हीकडे ठरवणारे दुसरेच कोणी असते. या उत्तरात तिने एके ठिकाणी लिंग चुकवले. कागदावरचे ‘गप्प बस’ मला त्या दिवशी वाचावे लागले नाही.

गुण देणे त्याहून अवघड गेले. दोन वर्षे सांभाळलेल्या मुलाचा आवाज ऐकताना तो काय म्हणाला याऐवजी त्याला काय म्हणायचे होते ते कानांना ऐकू येते. मी प्रत्येक ध्वनिमुद्रण दोनदा ऐकले, दुसऱ्यांदा चार दिवसांनी, आणि दोन्ही वेळचे गुण वेगळ्या कागदांवर लिहिले. तरीही पडताळणीत माझे गुण थोडे उदार ठरले. माझ्या लक्षात आले ते असे, की उताऱ्याचा सारांश सांगणे आणि उताऱ्यावर भाष्य करणे यांत मी पुरेसा फरक केला नव्हता. गोष्ट नीटनेटकी सांगणाऱ्याला मी भाष्याचेही गुण देऊन टाकले होते.

मे महिन्यातल्या लेखी परीक्षेच्या वेळी मला त्या खोलीत थांबण्याची मुभा नव्हती. मी जिन्यात उभी राहिले. श्रवणाची ध्वनिफीत सुरू झाल्यावर भिंतीपलीकडून एका बाईचा अस्पष्ट आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची चाल दक्षिण अमेरिकेकडची वाटली आणि मला उगाचच हायसे वाटले. बाहेर आल्यावर मुलांनी पहिल्या प्रश्नपत्रिकेचे समास मला बोटांनी हवेत काढून दाखवले: कोण, कोणाला, कशासाठी.

निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागला. एकाला सात, तिघांना सहा, दोघांना पाच. संध्याकाळी त्या आजोबांचा फोन आला. नातीला सहा मिळाले होते.

“सातापैकी सहा, म्हणजे शेकडा शहाऐंशी धरायचे का?”

श्रेणी म्हणजे टक्के नव्हेत, हे मी त्यांना समजावून सांगितले. ते त्यांना पटले असे वाटले नाही, पण त्यांच्या मनात दुसरेच काही होते.

“बाई, परवा ती माझ्याशी स्पॅनिशमध्ये बोलली. मला ‘तू’ म्हणाली. हे ‘तू’ म्हणजे आपलं ‘तू’च ना?”

“हो, तेच. स्पेनमध्ये नातवंडं आजोबांना ‘तू’च म्हणतात. कोलंबियात असती तर बहुधा ‘उस्तेद’ म्हणाली असती.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

“मग तिला कोलंबियातलं शिकवायचं होतंत,” ते म्हणाले.